हातांचे गणित

बीदर वा कलबुर्गी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून आजारी माणसाला इस्पितळात न्यावयाचे ठरते, तेव्हा घरच्यांच्या मनात भीतीबरोबरच एक दिलासाही असतो. आता पुढचे डॉक्टरांच्या हाती, अशी त्यांची भावना असते, आणि बहुतेक वेळा ती खरी ठरते. परंतु कधी कधी विपरीत घडते. पाय मोडला म्हणून दाखल झालेल्याचे हाड नीट बसते, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्याला हुडहुडी भरून ताप येतो. बाळंतीण सुखरूप सुटते, आणि तिचे चार दिवसांचे मूल दूध ओढीनासे होते. ज्या दुखण्यासाठी माणूस आला ते बाजूस राहते, आणि जे दुखणे त्याने घरून आणलेच नव्हते त्याच्याशी झुंज सुरू होते. कोणी नशिबाला बोल लावतात, कोणी डॉक्टरांना. आज मला असे सांगावयाचे आहे की, या घटनेमागे नशिबाहून आणि एखाद्या व्यक्तीच्या अपराधाहूनही अधिक जवळचे असे एक कारण बहुधा असते, आणि ते पुष्कळसे मोजता येते.

दाखल होताना अंगात नसलेला, आणि सामान्यतः दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर प्रकट होणारा जो जंतुसंसर्ग, त्याला वैद्यक इस्पितळजन्य संसर्ग म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली जो अहवाल प्रसिद्ध केला त्याप्रमाणे इस्पितळात दाखल होणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७, तर मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा एखादा तरी संसर्ग होतो, आणि ज्यांना होतो त्यांच्यातील दहांत सरासरी एक जण दगावतो. ही काही थोडीथोडकी हानी नव्हे. शिवाय या जंतूंपैकी बरेचसे आता नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. त्यामुळे संसर्ग झाल्यावर औषध शोधीत बसण्यापेक्षा तो होऊच न देणे, हाच शहाणपणाचा मार्ग उरतो. येथे डॉक्टरांच्या मदतीला गणित येते.

सिकंदराबादचा डास

गणित आणि रोग यांची ही सोयरीक जुळली, ती आपल्या अगदी शेजारी. १८९७ च्या ऑगस्टमध्ये भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस एका डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी पाहिले. त्या काळी बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते, आणि सिकंदराबाद ही त्याच राज्यातील इंग्रजांची छावणी. रॉस यांच्या या शोधाची कथा शाळेतील मुलेही जाणतात, आणि त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले हेही सर्वांना ठाऊक आहे. पण त्यानंतर त्यांनी जे केले ते तितकेसे परिचित नाही. त्यांनी हिवतापाचे गणित मांडले.

त्या काळी रॉस यांच्या टीकाकारांचा आक्षेप असा होता की, जगातील सगळे डास मारणे कोणाला शक्य आहे? आणि एकही उरला तर हिवताप उरणारच. रॉस यांनी १९१० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गणिताने उत्तर दिले की, सगळे डास मारावयाची गरजच नाही. एका रोग्यापासून डासांमार्फत सरासरी एकाहूनही कमी नवा रोगी होऊ लागला, की रोग आपोआप ओसरू लागतो. म्हणजे डासांची संख्या एका विशिष्ट मर्यादेखाली आणली की काम झाले. अशक्य वाटणारे ध्येय या एका विचाराने माणसाच्या आवाक्यात आले.

मुंबईची प्लेग आणि एका गावची विहीर

रॉस यांच्याबरोबर १९०१ साली सिएरा लिओनच्या मोहिमेवर गेलेले अँडरसन मॅक्केंड्रिक नावाचे एक तरुण डॉक्टर होते. रॉस यांच्यामुळे त्यांना गणिताची गोडी लागली. पुढे हिंदुस्थानात, कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी बरीच वर्षे काम केले. १९२० साली प्रकृतीच्या कारणाने ते मायदेशी एडिंबरोस परतले, आणि तेथे विल्यम करमॅक या रसायनशास्त्रज्ञाशी त्यांचा सहयोग जुळला. करमॅक यांची दृष्टी १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात गेलेली होती. या दोघांनी १९२७ साली साथीच्या गणितावरचा जो निबंध प्रसिद्ध केला तो आजही या शास्त्राचा पाया मानला जातो, आणि त्या निबंधात उदाहरणादाखल घेतलेले आकडे आहेत मुंबई बेटावरील प्लेगच्या मृत्यूंचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले. मुंबईच्या चाळींतून त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जी प्रेते निघाली त्यांच्या साप्ताहिक नोंदींवर हे शास्त्र उभे आहे. त्या नोंदी कोणा कारकुनाने निमूटपणे लिहून ठेवल्या नसत्या तर सूत्र पडताळून पाहावयास काही साधनच उरले नसते.

मॅक्केंड्रिक यांचे आणखी एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थानातील एका गावच्या पटकीचा हिशेब मांडला. गावात २२३ घरे. त्यांपैकी १६८ घरांत एकही रोगी नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. आता एक, दोन, तीन आणि चार रोगी असलेल्या घरांचे प्रमाण पाहिले, तर केवळ योगायोगाने वाचलेली घरे चाळिसाच्या आतच असावयास हवीत. मग उरलेली सव्वाशेच्या वर घरे का वाचली? मॅक्केंड्रिक यांनी अनुमान केले की, त्या घरांपर्यंत रोगाचे बीज पोहोचलेच नसावे. गावात विहिरी अनेक असाव्यात, आणि सुमारे ९३ घरांतील माणसे ज्या एका विहिरीचे पाणी पितात तीच दूषित असावी. प्रत्यक्ष चौकशीत तसेच आढळले. ज्या घरांत काही घडले नव्हते त्या घरांच्या आकड्याने दूषित विहिरीकडे बोट दाखविले! शून्यालाही काही सांगावयाचे असते. मात्र ते शून्य कोणीतरी वहीत लिहिलेले पाहिजे.

डासाची जागा हात घेतो

आता आपण गावातून इस्पितळाच्या वॉर्डात येऊ. येथे जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर कसा जातो? रोगी तर जागचे हलत नाहीत. हलतात ते त्यांची शुश्रूषा करणारे. परिचारिका एकाची जखम बांधते, दुसऱ्याची सलाईन बदलते. डॉक्टर एकाची नाडी पाहून दुसऱ्याचे पोट तपासतात. जंतूला पाय नाहीत, त्याला हे हात मिळतात.

हे सत्य एका डॉक्टराने हिशेबानेच ओळखले होते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी पाहिले की, जेथे शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी बाळंतपणे करीत त्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया, सुइणींच्या विभागातल्यापेक्षा कितीतरी अधिक. १८४७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या विभागात शंभरांमागे १८ बायका दगावल्या. मे महिन्याच्या मध्यापासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले, आणि जूनमध्ये हे प्रमाण शंभरांमागे सुमारे दोनवर आले. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कोणास नीटसे ठाऊक नव्हते. सेमेलवाइस यांच्याजवळ होते ते दोन रकान्यांतले आकडे.

पुढे दीड शतकाने या दोन धाग्यांची गाठ पडली. १९९९ साली ऑस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोच्या कुक कौंटी इस्पितळातील अतिदक्षता विभागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्हँकोमायसिन या प्रबळ प्रतिजैविकाला न जुमानणारे जंतू तेथे पसरत होते. या अभ्यासकांनी डासाने पसरणाऱ्या रोगांचेच गणित घेतले, आणि डासाच्या जागी शुश्रूषा करणाऱ्यांचे हात ठेवले. सिकंदराबादेस ज्याचा उगम झाला तो विचार अशा रीतीने शिकागोच्या वॉर्डात पोहोचला. उपमा अगदी चपखल आहे; फरक एवढाच की डासाला धुता येत नाही, हाताला धुता येते.

एक साधा हिशेब

श्रोतेहो, या गणिताचे मर्म समजावयास मोठी सूत्रे लागत नाहीत. एक कल्पित वॉर्ड घेऊ. त्यात एक रुग्ण आला, ज्याच्या अंगावर असा हट्टी जंतू आहे. तो त्या जंतूने आजारी असेलच असे नाही, आणि हीच यातली मेख आहे; जंतू बाळगणारे पुष्कळ, त्याने आजारी पडणारे थोडे. अशा माणसाला आपण वाहक म्हणू. समजा, कोणीच हात धुतले नाहीत तर तो घरी जाईपर्यंत त्याच्यापासून सरासरी तीन नवे वाहक होतात. या तीनला आपण प्रसारांक म्हणू. तिघांचे नऊ, नवांचे सत्तावीस. वॉर्ड भरावयास वेळ लागत नाही.

आता परिचारिकांनी निम्म्या वेळा हात धुतले. प्रसारांक दीडवर आला. निम्मे काम झाले, पण जंतू वाढतच आहे, फक्त सावकाश. ज्या वॉर्डात कर्मचारी प्रामाणिकपणे निम्म्या वेळा हात धुतात तेथे 'इतके करूनही काही उपयोग होत नाही' अशी निराशा येते, तिचे कारण हे आहे. प्रयत्न व्यर्थ नसतो. तो उंबरठ्याच्या अलीकडे थांबलेला असतो. दहांत सात वेळा हात धुतले गेले की प्रसारांक ०.९ वर येतो, आणि साखळी खुंटू लागते.

दुसरा उपाय पाहा. प्रत्येक परिचारिकेने वॉर्डभर न फिरता ठराविक खाटाच सांभाळाव्यात, अशी वाटणी केली. तिच्यामुळे एका गटातून दुसऱ्या गटात होणारा स्पर्श निम्म्याने घटला असे धरू. केवळ एवढ्याने प्रसारांक तीनचा दीड होईल. परंतु निम्म्या वेळा हात धुणे आणि ही वाटणी दोन्ही एकदम केली तर काय होईल? तीनचे निम्मे दीड, दीडचे निम्मे पाऊण. जो उंबरठा दोघांपैकी एकालाही एकट्याने ओलांडता आला नव्हता तो दोघांनी मिळून ओलांडला. उपायांची येथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आणि हाच गुणाकार उलटही फिरतो. परिचारिका निम्म्या झाल्या तर प्रत्येकीचे हात दुप्पट रुग्णांना लागतात, आणि हात धुवावयाची उसंत नेमकी तेव्हाच मिळत नाही. दोन्ही दोष एकमेकांना गुणतात. म्हणूनच एका खाटेवर दोघे निजलेले असले आणि एका सिस्टरच्या अंगावर सारा वॉर्ड पडलेला असला, तर तिला हात न धुतल्याबद्दल रागावणे हे अर्धेच उत्तर होय.

शिकागोचा हिशेब असाच निघाला. काहीही उपाय केले नसते तर तेथील प्रसारांक तीन ते चार होता. उपायांनी तो ०.७ वर आला. हात धुणे आणि कर्मचाऱ्यांची वाटणी, हेच दोन उपाय सर्वांत समर्थ ठरले. उपायांविना शंभरांतले ७९ रुग्ण वाहक असते असे गणित सांगत होते; प्रत्यक्षात ३६ आढळले.

दारातून येणारा जंतू

येथे चाणाक्ष श्रोता विचारील, प्रसारांक एकाच्या खाली आला तर जंतू नाहीसाच व्हावयास हवा होता. मग हे ३६ कोठून आले? याचे उत्तर त्याच अभ्यासाने दिले आहे. जंतू दारातून येत होता. नवे रुग्ण तो बाहेरून घेऊन येत होते.

आपल्या कल्पित वॉर्डात हा हिशेब पुढे नेऊ. प्रसारांक ०.९ आहे. एक वाहक आला; त्याच्यापासून सरासरी ०.९, त्यांच्यापासून ०.८१, असे करीत साखळी संपेपर्यंतची बेरीज केली तर ती दहा होते. म्हणजे दारातून आलेला एकेक वाहक अखेरीस दहा वाहक करून जातो, तोही ज्या वॉर्डात जंतू ओसरत आहे असे आपण म्हणतो त्या वॉर्डात. प्रसारांक पाऊण असेल तर ही बेरीज चार. अर्धा असेल तर दोन. तेव्हा एकाच्या किंचित खाली आलो म्हणून समाधान मानणे धोक्याचे आहे. आणि दुसरे असे की, दारातून आलेला वाहक पहिल्याच दिवशी ओळखता आला आणि त्याची सोय निराळी करता आली, तर ती सारी साखळीच टळते.

ही गोष्ट कोठेही खरी आहे, पण आपल्या या सीमाभागात ती विशेष खरी आहे. औरादचा, भालकीचा रोगी उदगीर-लातूरला जातो. बसवकल्याणचा उमरग्याकडे, आळंदचा सोलापूरकडे वळतो. बीदर आणि कलबुर्गीची माणसे मोठ्या दुखण्याला हैदराबाद गाठतात. उपचार संपला की, अथवा पैसा संपला की, तीच माणसे परतून जिल्ह्याच्या इस्पितळात येतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला. त्या वाटणीने कचेऱ्या आणि दप्तरे वेगळी झाली. सोयरीक, बाजार आणि दवाखान्याच्या वाटा मात्र होत्या तेथेच राहिल्या. आज कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगण ही तीन राज्ये आपापले हिशेब आपापल्या वहीत ठेवतात. जंतू मात्र रोग्याबरोबर फिरतो, आणि त्याला कोणत्याही नाक्यावर थांबावे लागत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये आपण हे पाहिले. तो जंतू नव्हे, विषाणू होता; पण वाट तीच. कोरोनाने भारतात दगावलेला पहिला रुग्ण कलबुर्गीचा होता. त्याला उपचारासाठी हैदराबादेस नेण्यात आले होते, आणि तेथून परत आणताना १० मार्च रोजी वाटेतच त्याचा अंत झाला. निदान दोन दिवसांनी हाती आले. त्याच्यावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरासही लागण झाल्याचे त्यानंतर थोड्याच दिवसांत निष्पन्न झाले. यात कोणाला दोष द्यावा असे मला म्हणावयाचे नाही. एक रोगी दोन राज्यांतील इस्पितळांना कसा जोडतो, एवढेच त्यातून दिसते.

बीदरजवळच्या नौबादेस बहमनी काळातली एक जुनी जलव्यवस्था आहे. तिला लोक सुरंग बावी म्हणतात. वरून पाहावे तर रानात दूरदूर असलेली विहिरींची तोंडे. एकीचा दुसरीशी संबंध नाही असे वाटते. खाली मात्र एकच भुयार, आणि त्यातून वाहणारे एकच पाणी. सीमेच्या दोन्ही बाजूंची आपली इस्पितळे मला तशी दिसतात. वर पाट्या वेगळ्या, भाषा वेगळ्या, राज्ये वेगळी. पण रोग्यांच्या येण्याजाण्याने ती आतून जोडलेली आहेत. एकाने आपले पाणी स्वच्छ ठेवले आणि दुसऱ्याने ठेवले नाही, तर पहिल्याचे श्रम दर आठवड्यास नव्याने वाया जातात.

नातलगांचे हात

शिकागोच्या गणितात एक गोष्ट नाही, आणि ती आपल्याकडे डोळ्याआड करून चालणार नाही. आपल्या इस्पितळात रोग्याची निम्मी सेवा नातलग करतात. आई मुलाचे अंग पुसते, सून सासऱ्याला भरवते, मुलगा बापाला धरून मोरीपर्यंत नेतो. या हातांची नोंद कोणत्याही हजेरीपटात नसते. गणिताच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक चांगली बाजूही आहे. कारण नातलग आपल्याच रोग्याला हात लावतो, म्हणजे कर्मचाऱ्यांची जी वाटणी मोठ्या यत्नाने करावी लागते ती येथे आपोआप झालेली असते. पण आपली माणसे एवढ्यावर थांबणारी नव्हेत. शेजारच्या खाटेवरच्या एकट्या म्हातारीला पाणी पाजणे, दुसरीचे रडते मूल क्षणभर मांडीवर घेणे, हे आपल्या रक्तात आहे. ते थांबवा असे मी सांगणार नाही, आणि सांगून कोणी ऐकणारही नाही. मात्र आपला रोगी सोडून दुसऱ्याकडे वळताना, आणि परत येताना, हात साबणाने धुवावेत. साबण नसेल तर वॉर्डातील स्पिरिटयुक्त द्रव हातांवर चोळावा. प्रेमाने पुढे झालेला हात आणि घाईने पुढे झालेला हात, जंतूला दोन्ही सारखेच.

यास आपल्याकडे वेळ नाही, पाणी नाही, अशी सबब सांगितली जाते. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ ते १९९७ या काळात असा द्रव प्रत्येक खाटेजवळ ठेवण्यात आला. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण शंभरांत ४८ वरून ६६ वर गेले, आणि इस्पितळजन्य संसर्गाचे प्रमाण शंभरांत सुमारे १७ वरून १० वर आले. बाटली मोरीजवळ न ठेवता खाटेजवळ ठेवणे हा त्यातला मोठा भाग होता. जेथे पाण्याची ददात आहे तेथे तर हा उपाय अधिकच उपयोगी. रॉस यांनी म्हटल्याप्रमाणेच, प्रत्येक हात प्रत्येक क्षणी निष्कलंक असण्याची आवश्यकता नाही; पण उंबरठा ओलांडण्याइतके हात तरी स्वच्छ असावयास हवेत.

सूत्र आणि वही

गणिताची मर्यादाही सांगितली पाहिजे. मुंबईच्या प्लेगचे आकडे १९२७ च्या सूत्रात सुरेख बसले; परंतु प्लेग उंदीर आणि पिसवा यांच्यामार्फत पसरते, ऋतूप्रमाणे वाढते-ओसरते, आणि त्या सूत्रात यांपैकी काहीच नव्हते, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. सूत्र जुळले म्हणजे कारण सापडले असे होत नाही. त्याचप्रमाणे लहान वॉर्डात योगायोगाचा वाटा मोठा असतो. एखाद्या महिन्यात एकही संसर्ग झाला नाही, एवढ्यावरून पाठ थोपटून घेऊ नये. आणि एकदम तीन झाले म्हणून एखाद्या सिस्टरला सुळावरही देऊ नये. अनेक महिन्यांचे आकडे एकत्र पाहिल्यावरच खरे काय ते कळते. आणि रुग्ण एकापासून एक असे न वाढता, निरनिराळ्या खाटांवर एकाच वेळी उद्भवले, तर मॅक्केंड्रिक यांची विहीर आठवावी. हातांचा माग सोडून एखादी समाईक नळी, एखादे भांडे, एखादी औषधाची बाटली दूषित आहे काय ते पाहावे.

हे सारे ज्यावर अवलंबून आहे ती वस्तू अगदी साधी आहे. ती म्हणजे वही. रुग्ण कोणत्या दिवशी आला, कोणत्या खाटेवर होता, नळी कधी घातली आणि कधी काढली, ताप कधी आला, तपासणीत कोणता जंतू निघाला. आणि ज्यांना काही झाले नाही तेही किती होते. एवढे लिहिलेले असेल तर आकडेमोड करणारा कोठूनही मिळेल. लिहिलेले नसेल तर जगातला थोर गणितीही आपल्याला मदत करू शकणार नाही.

आणि या सीमाभागासाठी त्या वहीत एक रकाना अधिक असावा: हा रुग्ण गेल्या काही महिन्यांत कोणत्या इस्पितळात किती दिवस होता, आणि तेथे कोणती प्रतिजैविके दिली. एका इस्पितळातून दुसऱ्याकडे रोगी पाठविताना त्याच्या केस पेपरबरोबर एवढ्या चार ओळी, त्याच्या अंगावर असा जंतू आढळला असल्यास त्याच्या नावासह, पाठविल्या, तर पलीकडच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी खबरदारी घेता येईल. या चार ओळींसाठी राज्यांच्या सीमा पुसावयास नकोत, की कोणता मोठा खर्चही नको. त्या कन्नडात असोत, मराठीत असोत, तेलुगूत असोत. जंतूचे नाव आणि तारखा वाचता आल्या म्हणजे झाले. तोवर रोग्याच्या माणसांनीही एवढे करावे: जुने कागद टाकून न देता एका पिशवीत जपून न्यावेत, आणि नव्या इस्पितळात पाऊल टाकताच, 'आम्ही आधी अमक्या इस्पितळात इतके दिवस होतो,' असे कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. आधी दुसरीकडे गेलो होतो हे कळले तर डॉक्टर रागावतील, या भयाने पुष्कळजण ते लपवितात. डॉक्टर रागावले तरी चालेल. पण ते सांगावे. त्या एका वाक्याने आपल्याच नव्हे तर आजूबाजूच्या खाटांवरच्या रोग्यांचेही रक्षण होईल, आणि पलीकडच्या प्रसूतिकक्षातल्या त्या चार दिवसांच्या मुलाचेही.